पुठ्ठ्याचा चौरस आणि तेवीस मुळं

पुठ्ठ्याचा एक चौरस कापा. चारही बाजू अगदी सारख्या हव्यात. तो टेबलावर ठेवा आणि मैत्रिणीला डोळे मिटायला सांगा. तिने डोळे मिटले की चौरसाला काहीतरी करा. फिरवा, उलटा, काय वाटेल ते. अट एकच: डोळे उघडल्यावर काही बदललंय हे तिला ओळखता येता कामा नये.

चौरस जरासा फिरवलात तर ती लगेच पकडेल, कारण कोपरे तिरके होतील. बरोबर पाव फेरा दिलात तर तिला पत्ता लागणार नाही. अर्धा फेरा आणि पाऊण फेराही चालेल. पुस्तकाचं पान उलटतो तसा चौरस उलटलात तरी चालेल, वरची बाजू खाली आणि खालची वर केलीत तरी चालेल. आणखी दोन युक्त्या सहसा विसरल्या जातात: समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि त्या तिरक्या रेषेभोवती चौरस उलटायचा. अशा तिरक्या रेषा दोन आहेत.

मोजा बरं. फिरवण्याच्या तीन, उलटण्याच्या चार, झाल्या सात. आठवी कोणती? काहीच न करणं! ही फसवणूक नाही हं. पाव फेरा चार वेळा दिला की चौरस मूळ जागी येतो, म्हणजे चार चाली मिळून काहीच न करण्याइतक्या होतात. दोन चाली जोडल्यावर जे मिळतं तेही आपल्या यादीत असायला हवं, म्हणून काहीच न करणं हीसुद्धा एक चाल धरायची.

चौरसाच्या सममिती आठ आहेत, त्या या. शाळेत सममिती म्हटलं की घडी घालतात, आरसा दाखवतात आणि धडा संपतो. मला वाटतं खरी गंमत त्याच्या पुढे आहे, चाली एकमेकींना जोडायला लागलं की सुरू होणारी.

चौरसाच्या कोपऱ्यांवर अ, आ, इ, ई लिहा. डावीकडे वर अ, उजवीकडे वर आ, उजवीकडे खाली इ, डावीकडे खाली ई. मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यावर तेच अक्षर लिहा. आता घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या आणि मग पानासारखा उलटा. डावीकडे वर कोण आलं? अ. पुन्हा पहिल्यासारखा ठेवा. या वेळी आधी पानासारखा उलटा आणि मग घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या. डावीकडे वर आता इ आहे! चाली त्याच दोन, पण क्रम बदलला की उत्तर वेगळं. ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच असतात याची आपल्याला इतकी सवय असते की हे बघून जरा दचकायला होतं. करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

अशा एकमेकींत जोडता येणाऱ्या आणि प्रत्येकीला परतवणारी चालही जवळ असलेल्या चालींच्या संचाला गणितज्ञ गट म्हणतात, म्हणजे ग्रुप.

पुण्यात गट शोधायला फार लांब जावं लागत नाही. दारातल्या रांगोळीत स्वस्तिक काढलेलं असतं. ते पाव फेऱ्याने फिरवलं तरी तसंच दिसतं, पण आरसा धरला की त्याचे हात उलट्या दिशेला वळतात. म्हणजे फिरवण्याच्या चार चाली त्याला चालतात, उलटण्याची एकही नाही. चौरसाच्या आठांपैकी नेमक्या चार चाली त्याच्याकडे आहेत आणि त्या चौघींचाही मिळून एक छोटा गट होतो. शनिवारवाड्यात गेलात तर हजारी कारंजं नीट बघा. सवाई माधवराव पेशव्यांसाठी बांधलेलं हे कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे. सगळ्या पाकळ्या तंतोतंत सारख्या आहेत असं धरलं, तर एका पाकळीवरून पुढच्या पाकळीवर जायला साडेबावीस अंश फिरावं लागेल. अशा सोळा जागा मिळतात. आरसा ठेवायच्या रेषाही सोळाच: आठ समोरासमोरच्या पाकळ्यांच्या मधोमध जाणाऱ्या आणि आठ दोन पाकळ्यांमधल्या खाचेतून जाणाऱ्या. एकूण बत्तीस सममिती.

इथपर्यंत सगळं डोळ्यांना दिसणारं होतं. आता जरा सावरून बसा, कारण हाच खेळ संख्यांशी खेळायचा आहे.

संख्येला कोपरा नसतो, मग तिला फिरवणार कसं? संख्यांची अदलाबदल करायची! या संख्येच्या जागी ती, तिच्या जागी ही. मैत्रिणीच्या जागी आता बेरीज आणि गुणाकार पहारा देताहेत. दोन संख्यांची बेरीज आधी जी येत होती, तिच्याच बदलीतली संख्या अदलाबदलीनंतरही बेरीज म्हणून यायला हवी. गुणाकाराचंही तसंच. एक जरी गणित बिघडलं तरी पकडले गेलात. अशा न पकडल्या जाणाऱ्या अदलाबदलीला ऑटोमॉर्फिझम म्हणतात.

पहिला प्रश्न: १ ची जागा दुसऱ्या कोणाला देता येईल? १ ची खासियत अशी की कोणत्याही संख्येला तिने गुणलं तर तीच संख्या मिळते. १ च्या जागी जो येईल त्यालाही हे जमलं पाहिजे आणि ते १ शिवाय कोणालाच जमत नाही. म्हणून १ जागचा हलत नाही. मग १ + १ म्हणजे २ सुद्धा हलत नाही. ३, ४, ५, कोणीच हलत नाही. अर्धा? दोन अर्धे मिळून १ होतात आणि १ तर खिळलेला आहे, म्हणून अर्धाही खिळला. असं करत सगळे अपूर्णांक जागच्या जागी बसतात. त्यांच्यात एकच चाल शक्य आहे: काहीच न करणं.

आता अपूर्णांकांच्या जगात एक नवा पाहुणा आणू, √२. नववीच्या गणितात अशा संख्यांना करणी म्हणतात. √२ कुठे जाऊ शकतो? त्याचा वर्ग २ आहे आणि २ हलत नाही, म्हणून त्याच्या जागी येणाऱ्याचाही वर्ग २ च हवा. असे दोघेच आहेत: √२ आणि −√२. या दोघांची अदलाबदल करून पाहू. (३ + २√२) ला (१ + √२) ने गुणलं तर ७ + ५√२ येतात. आता सगळीकडे √२ च्या जागी −√२ लिहू. (३ − २√२) ला (१ − √२) ने गुणलं तर? ७ − ५√२. वहीत करून बघा. उत्तरातही नेमकी तीच अदलाबदल झाली! कोणतंही गणित घ्या, हे चुकत नाही. नववीत तुम्ही जिला अनुबद्ध जोडी म्हणणार आहात ती हीच.

कोणीतरी हात वर करेल: पण एक संख्या शून्याहून मोठी आहे आणि दुसरी लहान, हे तर दिसतंच की! शंका अगदी योग्य आहे. मोठं-लहान बघणारा पहारेकरी नेमला तर ही अदलाबदल पकडली जाईल. पण आपले पहारेकरी फक्त बेरीज आणि गुणाकार आहेत, आणि त्यांना √२ आणि −√२ मधला फरक कधीच कळत नाही. सममिती किती आहेत हे पहारेकरी काय बघतात यावर ठरतं. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर शाईचा ठिपका पडला असता तर चौरसाच्याही सगळ्या सममिती उरल्या नसत्या.

पुढचं मला फार आवडतं. एखादी संख्या चार वेळा घेऊन गुणाकार केला आणि उत्तर २ आलं, तर ती संख्या कोणती? कॅल्क्युलेटरवर २ चं वर्गमूळ काढा, मिळालेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा. साधारण १.१८९ येतील. तिच्यामागे वजा चिन्ह लावलं तरी चालतं. अशा उत्तरांना समीकरणाची मुळं म्हणतात. आणखी दोन मुळं आहेत, ती काल्पनिक संख्यांची. पुढे अकरावी-बारावीत त्यांची नीट ओळख होईल. तोवर एवढंच लक्षात ठेवा की कागदावर मांडली तर पहिली संख्या शून्याच्या उजवीकडे बसते, दुसरी डावीकडे, आणि काल्पनिक जोडीतली एक शून्याच्या वर, दुसरी खाली. चौघीही शून्यापासून सारख्याच अंतरावर. ठिपके जोडा. चौरस तयार!

या चार मुळांनाही आपण चौरसाच्या कडेने क्रमाने अ, आ, इ, ई म्हणू. नुसती चार अक्षरं उलटसुलट मांडायची तर २४ प्रकारे मांडता येतात. पहारेकऱ्यांना त्यातल्या किती चालतात? समोरासमोरच्या मुळांची बेरीज शून्य आहे: अ + इ = ०, आणि आ + ई = ०. हे नातं मोडून चालणार नाही. अ ला चारपैकी कोणतीही जागा द्या. मग इ ला तिच्या समोरच जावं लागेल, पर्यायच नाही. आ साठी दोन जागा उरतात, आणि ई ला शेवटची. चार गुणिले दोन, आठ. या आठही अदलाबदली खरोखर चालतात हे सिद्ध करता येतं.

आठ! आणि नुसता आकडा जुळलेला नाही. आठ चाली त्याच आहेत, त्या एकमेकींत जोडल्या जातात त्याही तशाच. आधी फिरवून मग उलटणं आणि आधी उलटून मग फिरवणं यात पुठ्ठ्यावर जो फरक पडला, तोच फरक या समीकरणाच्या मुळांतही पडतो. कात्री आणि पुठ्ठ्यातून आलेला गट समीकरणाच्या आत आधीपासून बसलेला होता.

प्रत्येक समीकरणाच्या आत असा एक गट असतो, हे ओळखलं एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच मुलाने. मुलगाच म्हणायचं, कारण १८३२ साली द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. त्याचे कागद १८४६ मध्ये छापले गेले आणि मग हळूहळू गणिताच्या जगाला त्यांची किंमत कळली.

आता पुन्हा पुण्यात या. लॉ कॉलेज रस्त्यावरून आत वळलं की एरंडवण्यात दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. इथे बीजगणितावर आणि संख्या सिद्धांतावर संशोधन चालतं, आणि शाळकरी मुलांसाठी गणिताचे वर्गही भरतात. १९७६ मध्ये ही संस्था सुरू केली श्रीराम शंकर अभ्यंकर यांनी. त्यांचा जन्म १९३० साली उज्जैनला झाला. वडील ग्वाल्हेरला गणित शिकवत. मुंबईत विज्ञानाची पदवी घेऊन अभ्यंकर अमेरिकेत हार्वर्डला गेले, १९५५ मध्ये तिथे पीएचडी झाले आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. २०१२ मध्ये ते गेले. शाळेतल्या बीजगणितावर त्यांचा फार जीव होता. संख्या मांडा, गुणा, नको ते अक्षर घालवा, असं हाताने केलेलं गणित किती लांबपर्यंत पोचू शकतं हे त्यांनी जन्मभर दाखवून दिलं.

त्यांचं एक समीकरण तुम्हाला दाखवायचं आहे. त्यासाठी आधी एका वेगळ्या जगात जावं लागेल, पण घाबरू नका, ते जग तुमच्या ओळखीचं आहे. विषम अधिक विषम किती? सम. विषम गुणिले विषम? विषम. आता सम ला ० म्हणा आणि विषम ला १. झालं, या जगात १ + १ = ०! इथे बेरीज आणि वजाबाकी एकच. आणि इथे (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, बस्स. मधलं २अब येतच नाही, कारण २ म्हणजे इथे शून्य. जे लिहिल्याबद्दल आपल्याकडे परीक्षेत मार्क कापले जातात, ते या जगात बरोबर आहे. याची भावंडंही आहेत: १ + १ + १ = ० असलेलं जग, पाच वेळा १ मिळवला की ० होणारं जग, असं पुढे.

अशा जगांत ठरावीक प्रकारच्या समीकरणांतून कोणते गट मिळू शकतात आणि कोणते नाही, याचा एक नेमका अंदाज अभ्यंकरांनी १९५७ साली मांडला. सिद्ध करायला जगाला ३७ वर्षं लागली. १९९४ मध्ये फ्रान्सचे मिशेल रेनो आणि अमेरिकेचे डेव्हिड हारबेटर यांनी तो खरा असल्याचं दाखवलं.

पण अमुक गट देणारं समीकरण कुठेतरी आहे हे कळणं वेगळं आणि ते कागदावर लिहून दाखवणं वेगळं. अभ्यंकरांना ते लिहूनच हवं होतं. म्हणून १९९० नंतरच्या वर्षांत त्यांनी एकामागून एक समीकरणं खोदून काढली. त्यातलं एक सम-विषमांच्या जगातलं आहे. ते असं: य चा तेविसावा घात, अधिक क्ष गुणिले य चा घन, अधिक १, बरोबर शून्य. संपलं! तीनच पदं, बसच्या तिकिटामागे मावतील एवढी. यात क्ष ला किंमत द्यायची नाही, तो अक्षर म्हणूनच ठेवायचा आणि य शोधायचा. घात तेवीस, म्हणून य ची मुळंही तेवीस.

तेवीस मुळांची उलटसुलट मांडणी किती प्रकारे होते? २३ × २२ × २१ असं करत १ पर्यंत गुणत गेलात तर उत्तरातही तेवीसच आकडे येतात. कोणताही नियम नसता तर एवढे प्रकार. पण अभ्यंकरांच्या समीकरणात मुळांची आपापसात इतकी घट्ट नाती आहेत की त्यातले फक्त १,०२,००,९६० प्रकार चालतात.

ही संख्या मोठी दिसते, तरी ती किती कमी आहे ते पाहू. तेवीस मुळांना तेवीस खुर्च्यांवर बसवा. त्यातली कोणतीही चार निवडा आणि त्यांना हव्या त्या चार खुर्च्या द्या. पहिल्यासाठी २३ पर्याय, दुसऱ्यासाठी २२, मग २१, मग २०. गुणाकार २,१२,५२०. इथपर्यंत पूर्ण मोकळीक आहे, यातला प्रत्येक प्रकार चालतो. उरली एकोणीस मुळं. त्यांना मोकळं सोडलं असतं तर त्यांच्या मांडण्यांची संख्या अठरा आकडी झाली असती. पण चार जण बसले की बाकीच्या एकोणिसांना फक्त ४८ प्रकार उरतात! २,१२,५२० ला ४८ ने गुणा. वरची संख्याच येईल.

चार जणांना एवढी मोकळीक आणि बाकीच्यांवर एवढी सक्ती, असं फार क्वचित घडतं. हा गट एमिल मात्यू या फ्रेंच गणितज्ञाने शोधलेल्या पाच गटांपैकी आहे. त्याचे यावरचे लेख १८६१ आणि १८७३ मधले. पाचातला हा तेवीस खुर्च्यांचा. आणखी लहान तुकड्यांत ज्यांची फोड होत नाही अशा गटांची मोठमोठी कुळं आहेत, आणि कोणत्याच कुळात न बसणारे गट आहेत नेमके २६. मात्यूचे पाचही त्यांच्यात येतात. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्याला गणितज्ञ प्रेमाने मॉन्स्टर म्हणतात. त्याच्या चालींची संख्या लिहायला ५४ आकडे लागतात.

सम-विषमांच्या जगात मात्यूचा तेवीसवाला गट तीन पदांत सापडला. मग आपल्या नेहमीच्या अपूर्णांकांच्या जगात, जिथे १ + १ = २ असतात, तिथे? या २६ गटांपैकी २५ गट तिथल्या समीकरणांतून मिळतात हे सिद्ध झालेलं आहे. त्यात मॉन्स्टरही आला, जॉन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच त्याची खात्री पटवून दिली. राहिला आहे एकच, आणि तो नेमका हा, तेवीस खुर्च्यांचा. त्यासाठी समीकरण आहे की नाही, हे आजवर कोणालाही ठरवता आलेलं नाही.

असलं, तर ते तेविसाव्या घातात लिहिता येईल. सुरुवातीला य चा तेविसावा घात घ्या. मग बाविसाव्या घाताला गुणणारी एक पूर्ण संख्या, एकविसाव्याला गुणणारी दुसरी, असं उतरत शेवटी अक्षर नसलेली एकटी संख्या. सगळ्या मिळून २३ पूर्ण संख्या शोधायच्या आहेत. काही शून्य असतील, काही ऋण असतील, काही भल्यामोठ्या असतील. वहीचं एक पान पुरेल का, तेही शोधणाऱ्यालाच कळेल.